चोवीस पौंड हवा

लग्न होऊन मी जळगावात पिंप्राळ्याला आले तेव्हा घरात सासू, सासरे, नवरा आणि गाडी अशी चार माणसं होती. गाडीला माणसांत धरायचं कारण म्हणजे सकाळी उठल्यावर पहिली विचारपूस तिची व्हायची. लाल रंगाची, दोन दारांची, परदेशी बनावटीची ती शर्यतीची गाडी इतकी बुटकी होती की तिच्यातून उतरताना साडी सावरावी की स्वतःला, हे कळत नसे. कुण्या जहागीरदाराच्या गोठ्यात ती वर्षानुवर्षं पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. आमच्या ह्यांनी ती ट्रकवर चढवून घरी आणली आणि पाइपच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून, एकेक रविवार घालवून, चालू केली. नात्यातली माणसं म्हणायची, एवढ्या कष्टात दुसरा संसार उभा राहिला असता. मी म्हणायची, राहिलाच आहे की.

इंजिन जमलं, ब्रेक जमले, हेडलाइटही कुठून कुठून जमवले. अडलं ते हवेपाशी. गाडीच्या दारावर आतल्या बाजूला एक पट्टी होती आणि पुढच्या-मागच्या टायरांत किती हवा भरायची ते तिच्यावर कोरलेलं होतं. पण त्या मापाची टायरं आपल्याकडे मिळत नव्हती. ह्यांनी इंदूरहून जवळपासच्या मापाची, जरा रुंद टायरं आणून बसवली, त्यामुळे ती पट्टी दुसऱ्याच्या पत्रिकेसारखी झाली. वाचता येत होती, पण लागू पडत नव्हती. मग आता हवा किती? आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ हाच प्रश्न होता. भाजीत मीठ किती, हे त्या माणसानं मला कधी विचारलं नाही.

जेवताना पुरी हातात धरून ते मला समजावायचे. हवा जास्त झाली तर टायर मधून फुगतं, रस्त्याला मधली पट्टीच टेकते, वळणावर गाडी निसटते आणि बारीक खडासुद्धा पाठीत कळतो. हवा कमी झाली तर नुसत्या कडा टेकतात, टायर तापतं आणि खड्ड्यात लोखंडी रिम आदळते. हे मधलं माप शोधायची त्यांची युक्ती होती खडू. मी शाळेत मराठी शिकवायची. माझ्या पर्समधला खडू घेऊन टायरावर आडवी जाड रेघ ओढायची, गाडी थोडी चालवायची आणि उतरून बघायचं. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी, सगळीकडून सारखी पुसली तर बरोबर.

रविवारी उन्हं चढायच्या आत आम्ही भुसावळच्या रस्त्याला जायचो. मी रेघ ओढायची, हे गाडी पळवायचे. परत आले की दोघंही टायरासमोर उकिडवे बसून रेघ बघायचो. जाणारे-येणारे विचारायचे, पंक्चर का हो? हे माझा हात धरून टायरावर ठेवायचे, "बघ, कडा गरम आहेत की मधला भाग?" मी सांगेन ते ऐकायचे. मला हे फार आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू? लग्न नवं होतं, आणि कुणीतरी माझ्या तळहातावर एवढा विश्वास टाकत होतं.

असं करत करत तीस पौंडांवर गाडी ठरली. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. जळगावच्या उन्हात ती आपोआप दोन-तीन पौंड चढते, म्हणून दुपारी मोजणाऱ्याला हे मूर्खात काढायचे. तीस म्हणजे तीस. पाहुणे आले, सण आला, कारखान्यात संप झाला, तरी गाडीत तीस पौंड.

आता दुसरं सांगते. लग्नानंतर माझी दोन मुलं पोटात राहून गेली. एक चौथ्या महिन्यात, एक सहाव्यात. दुसऱ्या वेळी मी शाळेत फळ्यासमोर उभी होते. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, माझ्या डोक्याला तेल लावलं आणि रडल्या त्या मोरीत जाऊन. हे माझ्याजवळ बसून राहायचे. त्यांना शब्द सापडायचे नाहीत. आणि आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तर प्रश्नच नव्हता.

आबा माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, आमच्याकडे ती रीतच होती. सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेणार, समोर बसणार नाही, थेट बोलणार नाही. सासराही तिच्याशी बोलणार नाही. आबा चोपड्याकडचे केळीचे शेतकरी. शेत भावाच्या हाती देऊन आमच्याकडे राहायला आले होते. मी समोर भाकरी थापत असले तरी ते सासूबाईंना सांगायचे, "तिले सांग, दूध पी ले म्हना." सासूबाई नसल्या तर भिंतीकडे बघून सांगायचे. शाळेत चाळीस पोरांना दमात घेणारी मी, घरात भिंतीमार्फत सासऱ्यांचं ऐकायची. चीड यायची कधी कधी. पण दूध मात्र रोज भरलेलं असायचं.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरातला आवाजच खाली गेला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आमच्याकडे तर पाणीही फुंकून पिऊ लागले. धुळ्याला देवपुरात माझं माहेर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मूल टिकावं म्हणून माझ्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि बजावलं होतं, आठवा लागायच्या आत इकडे येऊन राहा, शेवटचे दिवस माझ्या डोळ्यांसमोर हवेत. प्रवास आडवं पडून करायचा, हिसका बसता कामा नये.

जळगाव ते धुळे रस्ता तेव्हा कसा होता, हे त्या रस्त्यानं गेलेल्यांना सांगायला नको. एसटीचा विचारही शक्य नव्हता. अँब्युलन्सचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या बाईले त्याम्हा कसाले घालतस?" शेजारच्यांची मोठी गाडी ठरली होती, ती ऐन लग्नसराईत एका वऱ्हाडाबरोबर गेली. उरली आमची लाल. तिची सीट मागे रेलली की जवळजवळ खाटच व्हायची. मीच म्हटलं, मी हिच्यातूनच जाणार. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ह्यांचा चेहरा उतरला. एवढी वर्षं ज्या गाडीचं कौतुक केलं, तिची आता त्यांना भीती वाटत होती.

ह्यांच्यापुढे खरा पेच हवेचा होता. तीस पौंडांत गाडी कडक. धुळ्यापर्यंतचा प्रत्येक दगड माझ्या पोटापर्यंत आला असता. हवा कमी करावी तर खड्ड्यात रिम आदळून त्याहून मोठा दणका बसायचा, किंवा चैत्राच्या उन्हात टायर तापून फुटायचं. निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी मोजून सव्वीस केली आणि कामावर गेले.

सासूबाईंनी बुधवार टाळला होता. जाशील बुधी तर येशील कधी, म्हणून. गुरुवारी सकाळी पिशव्या भरून झाल्या, दही-साखर हातावर पडली, आणि हे हवा मोजायचं गेज घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळानं त्यांचा असा आवाज आला की मी तशीच जड पावलांनी दारापर्यंत गेले. गाडी खाली बसली होती. चारही टायरांची पोटं जमिनीवर सांडली होती आणि गेजमध्ये जेमतेम तेरा पौंड दाखवत होतं.

"चारी पंक्चर? एकदम?" हे पायरीवर बसले.

सासूबाईंनी एकदा गाडीकडे, एकदा ह्यांच्याकडे बघितलं. मग एकदम भडकल्या. गुन्हा कबूल करायची त्यांची तीच पद्धत. "हां, मीच काढी हवा! तुन्ही गाडी दगडसारखी कडक. पोटुशी बाईले तीमा कशी बसाडशी?" आदल्या दुपारी अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी प्रत्येक टायराची थोडी थोडी हवा सोडली होती.

"पण आई, मी पण संध्याकाळी येऊन अंदाजे दोन-दोन पौंड कमी केले," हे म्हणाले. "मला सव्वीस जास्त वाटायला लागले. घाबरून न मोजताच काढली."

मी हिशेब केला. तरीही तेरा होत नव्हते. आम्ही तिघंही ओट्याकडे बघायला लागलो. ओट्यावर आबा टोपी हातात घेऊन बसले होते. ते खाकरले आणि समोरच्या कडुनिंबाला म्हणाले, "केळीना घड लई जावाना ऱ्हायनात म्हंजे मी गाडीनी थोडी हवा काढी टाकस. घडले डाग पडस नही."

रबरी चाकांच्या बैलगाडीतून जन्मभर त्यांनी केळी नेली होती. घड हिसक्यानं काळा पडू नये म्हणून ते चाकं मऊ करायचे. सात सुगरणी आणि भाजी अळणी म्हणतात, तशी आमच्या गाडीची गत झाली होती. एकमेकांना न सांगता तिघांनी माझ्यासाठी त्या टायरांतून हवा काढली होती. मी दाराला टेकून हसायला लागले, आणि हसता हसता मला रडू आलं. सासूबाई घाबरून म्हणाल्या, रडू नको व, पोटावर ताण येतो.

ह्यांनी पंप काढला. कोपऱ्यावरचा हवावाला एवढ्या लवकर दुकान उघडत नसे. हे पायानं पंप मारत होते आणि मारता मारता वडिलांना सांगत होते, "आबा, बैलगाडी धीरे चालस. हाई गाडीमा हवा कमी ऱ्हायनी तर टायर तापी जास, खड्डामा रिम आदळस."

आबांनी धोतराचा काचा मारला, मुलाला बाजूला केलं आणि पंपावर स्वतःचा पाय ठेवला. "मंग तू बी धीरे चालाड," ते म्हणाले.

ही इतकी साधी गोष्ट ह्यांना सुचली नव्हती. त्यांची सगळी गणितं वेगाची होती. गाडी पळणार, हे धरूनच प्रत्येक आकडा काढलेला. मग बापलेकांनी आळीपाळीनं पंप मारला. चोवीस झाल्यावर ह्यांनी मला आत बसवलं, बाहेर वाकून टायराचं पोट बघितलं, माझ्या पर्समधून खडू घेतला, रेघ ओढली, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. रेघ कडांना जरा जास्त पुसली होती. "चालेल," ते म्हणाले. "बैलगाडीच्या चालीनं जायचं. तापणार नाही." त्यांना चोवीसवर समाधान मानताना मी पहिल्यांदाच बघत होते.

निघताना आबांनी पिशवी उचलली. "मी बी येस."

मागे सीट म्हणायला एक फळी होती, तीवर फार तर दप्तर बसेल. आबा सहा फुटी माणूस. आजवर त्या गाडीत ते कधी बसले नव्हते. बैठक इतकी खाली असलेल्या वाहनाला ते वाहन मानत नसत. पण ते शिरले. गुडघे हनुवटीला लावून, टोपी छताला टेकवून, आडवे बसले. मी पुढे रेललेली, त्यामुळे माझं डोकं जवळजवळ त्यांच्या मांडीशी. पदर कुठे घ्यावा, हे मला कळेना. सासूबाईंनी खिडकीतून हात घालून तो नीट केला आणि म्हणाल्या, आता डोक्यावर घ्यायचं राहू दे.

त्या दिवशी गिरणेच्या पुलावर आम्हाला ट्रॅक्टरनं मागे टाकलं. पाळधीच्या पुढे स्कूटरी गेल्या, एरंडोलच्या अलीकडे बँडबाजाच्या टेम्पोनं मागे टाकलं आणि त्यातली पोरं लाल गाडी बघून शिट्ट्या मारत गेली. एरवी ह्यांच्या मानेची शीर ताठ झाली असती. त्या दिवशी त्यांची नजर फक्त समोरच्या डांबरावर होती. आबा मागून सांगत होते, "डावीकडे खड्डा. आते उजवीकडे." दर थोड्या वेळानं हे थांबायचे, उतरून चारी टायरांना तळहात लावायचे आणि परत बसायचे.

पारोळ्याच्या पुढे रस्ता खोदून ठेवला होता. समोरून ट्रक अंगावर आला, ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि डावं चाक खड्ड्यात गेलं. दणका माझ्या कमरेतून वर आला. टायर खोल दबलं, पण लोखंडाचा आवाज आला नाही. तेरा पौंडांत काय झालं असतं, तीसमध्ये काय झालं असतं, हे आम्ही पुढे कितीदा तरी बोललो. तेव्हा मात्र कुणाच्या मनात टायर नव्हतं. हे गाडी थांबवून उतरले ते चाकाकडे न बघता सरळ माझ्या दाराशी आले.

पोटातलं बाळ एरंडोलपर्यंत हालत होतं. आता ते गप्प होतं. मी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि वाट बघितली. मला त्या शांततेची ओळख होती. हे दाराशी उभे, विचारायला धजत नव्हते. बाभळीच्या तुटक सावलीत गाडी उभी होती.

मग माझ्या डोक्याशी आवाज आला. "पोर हालस का व, माय?"

आबा माझ्याशी बोलत होते. भिंतीशी नाही, मुलाशी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पदरही न घेता म्हटलं, "नाही हो आबा. मघापासून काहीच नाही."

"घाबरू नको. डावी कूसवर व्हय." त्यांनी पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि वरून माझ्या हातात दिलं. "हाई खा. गोड खादं का पोर जागं व्हस." मला गिळवत नव्हतं, तरी मी खाल्लं. पाणी प्यायले. कूस बदलून डोळे मिटले. पोटात काही नाही. परत काही नाही. आणि मग बरगडीखाली एक लाथ बसली, अशी चांगली सणसणीत की मी ओरडलेच.

"आबा, हाललं! लाथ मारली!"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडाशी धरली आणि त्या फळीवर गुडघ्यांत मान घालून हुंदके देऊन रडायला लागले. हे बाहेर उभे. त्यांना माझं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, आणि बापाला रडताना त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते पांढरे फटक पडले. मी ओरडले, "अहो, बाळ हालतंय! बरं आहे सगळं! बसा आता आत!" तरी ते बराच वेळ दार धरूनच उभे होते.

गाडी पुन्हा त्याच चालीनं निघाली. धुळ्याची वेस जवळ आली तेव्हा आबा परत बोलले, हळू, माझ्यापुरतं.

"पह्यला दोन्हीसले तू मनमा काही नाव धरेल व्हतं का?"

मी धरलं होतं. दोघांनाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा नाही. कुणी विचारलंच नव्हतं. मी आबांना ती दोन नावं सांगितली. त्यांनी ती एकेकदा उच्चारली, चुकत तर नाही ना, असं विचारल्यासारखी. ह्यांनी गाडी अजून हळू केली आणि बाहीनं डोळे पुसले.

देवपुरात आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. पुढे महिना-दीड महिन्यानं मुलगी झाली, सावळी, रडकी, माझ्यासारखी तापट. आबा दुसऱ्या दिवशी एसटीनं दवाखान्यात आले. आता ते मला थेट विचारायचे, जेवलीस का, झोपलीस का, आणि मीही थेट उत्तरं द्यायची. नातीला मांडीवर घेऊन ते खाटेशी बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई कौतुकानं बघत होती. तिनं विचारलं, "आबा, पहिलंच नातवंड का?"

आबांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"नही," ते म्हणाले. "तिसरं शे."